बोडीच्या पाळीवरचा पाचवा धडा

बोडीच्या पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, वर्ग बसला होता. उन्हात मोबाइलच्या पडद्यावर मी दिसावा म्हणून दोन मुलांनी जिल्ह्याचा जुना नकाशा डोक्यावर ताणून धरला होता. त्या नकाशात गोंदिया अजून भंडाऱ्यातच होते. नकाशा धरणाऱ्यांपैकी एकाचा हात हळूहळू खाली येत होता, पण त्याला कोणी टोकत नव्हते. कुंदन नुकताच म्हणाला होता, "मी पाह्यलं ना मॅडम. टॅक्टर मनालीचे बाबाच चालवून राहिले होते."

मनाली त्याच्या समोरच बसली होती. तिने बोडीकडे पाहिले. या लहानशा तळ्यात जिथे पाणी असायचे, तिथे काठापासून आत सरकत आलेला विटांच्या तुकड्यांचा ढीग होता.

मित्रांनो, मी एक जुना धडा आहे. पुस्तकातला नव्हे, इंटरनेटवरचा. शाळकरी मुलांना पत्रकारिता शिकवण्यासाठी जे सहा धडे तयार झाले, त्यांतला मी पाचवा. माझे नाव 'दुसरी बाजू'. ज्याच्याविषयी लिहायचे, त्याला आधी विचारावे, एवढेच मला सांगता येते. मला कोणी उघडले की मी असतो. मिटल्यावर कुठे असतो ते मला ठाऊक नाही. झोप म्हणावी तर स्वप्न नाही, आणि मरण म्हणावे तर पुन्हा बोट लागताच उजेड होतो. अशा असण्याला स्वस्थता कुठून येणार?

माझा जन्म दूरच्या एका शहरात, गाद्या टेकवून आवाज अडवलेल्या खोलीत झाला. ललिताबाई नावाच्या एका बाईंनी मला घडवले. वर्तमानपत्रात बातम्या तपासण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते. ध्वनिमुद्रणात घरघर येते म्हणून त्या पंखा बंद करून बोलत आणि घामाने डबडबत. प्रत्येक प्रश्नाला टेबलावर बोट आपटण्याची त्यांना सवय होती. 'कोण', टक. 'कुठे', टक. माझ्या मध्यावर शेजारच्या घरातल्या कुकरची शिटी आहे. ती काढायची राहून गेली. पुढे मुले नेमकी त्या शिटीचीच वाट पाहू लागली.

शाळा बंद होत्या त्या काळात माझे दिवस फिरले. घराघरांतून मला बोलावणे येऊ लागले. माझ्याखाली 'छान माहिती' लिहिणारे आले, 'धन्यवाद मॅडम' लिहिणारे आले, 'प्रमाणपत्र कधी मिळेल' असे विचारणारे तर रांगेने आले. त्या कौतुकाचा मला मोह पडला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग शाळा उघडल्या. ज्या संस्थेने आम्हाला उभे केले होते ती मिटली. चौथ्या धड्याच्या जागी आता एक करडा चौकोन आहे, आणि सहाव्याकडे जाणारी वाट कुठेच जात नाही. माझ्याखाली अजून अधूनमधून कोणी शंका विचारते. प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या मला, आलेल्या प्रश्नांना उत्तर देणारे कोणी उरलेले नाही. ते तिथे पडून असतात आणि मी त्यांच्यावर पडून असतो.

अशा अवस्थेत हर्षा मॅडमना मी सापडलो. त्या मोहाडीच्या, विणकराच्या घरातल्या. आंबागड किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान शाळेत त्या शिकवत. शाळेत नेटवर्क नव्हते. ते येई फक्त मागच्या बोडीच्या पाळीवर, मोहाच्या झाडापाशी. म्हणून शनिवारी सगळा वर्ग पाळीवर बसे. मॅडमचा मोबाइल एका दगडाला टेकवलेला असे आणि त्यात मी. माझा लिहिलेला भाग त्यांनी मोबाइलमध्ये साठवूनही ठेवला होता, त्यामुळे नेटवर्क नसले तरी मी उघडत असे.

मी शहराच्या भाषेत बोलत होतो. 'संबंधित कार्यालयाच्या प्रवक्त्यांशी संपर्क साधा', असे माझ्यात एक वाक्य आहे.

"प्रवक्ता म्हनजे कोन मॅडम?" रुचिकाने विचारले होते.

"ज्याच्या हातात माईक असते अन् जो सोडत नाई, तो," कुंदन म्हणाला, आणि मॅडमनाही हसू आवरले नाही.

दर शनिवारी पाळीवर बसणाऱ्यांनाच तो ढीग दिसला. कोणी तरी संध्याकाळी येऊन बोडीत मलबा ओतत होते. एका शनिवारी तो मोहाच्या मुळांशी होता, पुढच्या शनिवारी कमळांपर्यंत पोहोचला. मुलांनी ठरवले, शाळेच्या फलकावर हीच बातमी लावायची.

मनालीने आजीपासून सुरुवात केली. मॅडमचा मोबाइल हातात, मी उघडलेला, आणि माझ्यातलेच वाक्य तिच्या तोंडी: "नमस्कार. आपण या बोडीविषयी काय सांगू शकाल?"

सुमनबाई सावरून बसल्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला. "मानसं चार. घर कच्चं हाये. संडास हाये. गॅस हाये, पन चुलीवरच रांधतो आमी. अन् हे लिव्ह, का विहीर अजून मंजूर नाई झाली."

"आजी, मी मनाली होय ना."

"मालूम हाये. पन विचारून तं सर्वेवालीसारखी राहिली. त्याइले जे सांगतो तेच तुले सांगतलं."

मनालीने मोबाइल मांडीवर उलटा ठेवला. आता मला नुसते ऐकू येत होते. "आजी, बोडीले का झालं?"

मग आजी बोलल्या. बोडीचे पाणी त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या त्या एका तुकड्यात येते. धान गाभ्यावर आहे, पोटात कणीस धरून उभे आहे, आणि याच वेळी त्याला पाणी लागते. "बोडी बुजली तं ते पोटुशी बाई तहानेनं मरन," त्या म्हणाल्या. ट्रॅक्टर कोण आणते, असे विचारताच मात्र त्यांनी सूप ओढले आणि तांदूळ पाखडायला घेतले.

कुंदन बोरीच्या झुडपामागे बसून जे पाहून आला, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

पाळीवर कुंदनचे ऐकून आधी रुचिका बोलली. "नावच नोको लिवू ना मॅडम. 'एक टॅक्टर आला' एवढं लिवू."

"टॅक्टर काय चरत चरत आला?" कुंदन म्हणाला, आणि म्हटल्यावर स्वतःच खाली पाहू लागला.

"नाव लिहायचं की नाही, ते नंतर," हर्षा मॅडम म्हणाल्या. "पण विचारल्याशिवाय फलकावर काहीच लागणार नाही. मनाली, हे मी तुझ्यावर टाकत नाही. मी येते तुझ्या घरी."

"नाई मॅडम. तुमाले ते चहा पाजतीन, हो हो म्हनतीन, अन् वापस पाठवतीन. माह्यासंग त्याइले तसं नाई करता येत." तिने दगडावरून मोबाइल उचलला. "मीच इचारीन."

मित्रांनो, तिच्या मुठीत मी घराकडे निघालो तेव्हा मला प्रथमच वाटले, की मी कुठेच पोहोचू नये. परक्याला विचारणे मी शिकवले होते. ज्याच्या ताटाशेजारी आपले ताट असते, त्याला कसे विचारावे, यावर माझ्यात एक ओळही नाही. ललिताबाईंचे बोट तिथे कधी वाजलेच नव्हते. म्हणून माझी एक विनंती आहे. मला उघडलेत तर केवळ गुणांसाठी उघडू नका. माझ्यासारखे धडे अनेक आहेत, आणि ते न वापरण्याने मरतात. प्रश्नाचीही निगा राखावी लागते. रागाने फेकला तर तो मोडतो. भीतीने गिळला तर आतल्या आत आंबत राहतो. आणि उद्या तुमच्याच घरातले एखादे लहान मूल प्रश्न घेऊन समोर उभे राहिले, तर त्याला उभे राहू द्या.

मनालीचा बाप विनोद अंगणात पाय धूत होता. ट्रॅक्टर फाटकापाशी उभा होता, चाकांना ओली माती होती. सुमनबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"का वं पत्रकार," विनोद म्हणाला, "मोठ्या बातम्या लिवून राहिली म्हनते तू."

"कोनी सांगतलं?"

"गावात सांगा लागते का?"

मनालीने मोबाइल खाटेवर ठेवला. "बाबा, यात आवाज भरून राहिला. आधीच सांगून देऊन राहिली."

"भर ना. गानं म्हनू का?"

ती हसली नाही. "बोडीत मलबा तुमीच टाकून राहिले?"

विनोदने पायावर आणखी एक तांब्या ओतला. "टॅक्टर गडाकडच्या मालकाचा होय. तो म्हनते तिथं टाकतो. मी नाई टाकलं तं दुसरा टाकन."

"ते मले मालूम हाये." तिचा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. "पन त्याच बोडीचं पानी आजीच्या बांधीत जाते. तुमीच लहानपनी तिथं पोहाले शिकले म्हनता. एक डाव तरी म्हनलं का तुमी मालकाले, का इथं नोको?"

ओसरीवरचे निवडणे थांबले. विनोदने आधी आईकडे पाहिले, मग मुलीकडे, आणि शेवटी खाटेवर, माझ्याकडे.

"चालू हाये का हे?"

"हो. बंद करू का?"

"राहू दे."

त्याने दांडीवरचा आपला दुपट्टा ओढून खांद्यावर टाकला, ओल्या पायांतच चपला घातल्या, आणि ट्रॅक्टरला वळसा घालून, मागे न पाहता, तो गडाच्या वाटेने चालत निघून गेला.