बाहेरून लावलेली कडी

आमच्या खोलीचं आता फक्त दार राहिलं होतं. बाकी सगळी खोली मी कागदावर उतरवून घेतली होती. भिंती, कपाट, खिडकीचे गज, पाळण्याचा कठडा, सगळं जसंच्या तसं, त्याच मापाचं. लहानपणी नाण्यावर कागद धरून पेन्सिल घासली की नाणं उमटतं ना, तेच काम. मी नाण्याऐवजी खोली घेतली होती, आणि पेन्सिलीऐवजी मेणाची जाड काळी कांडी. तिची धूळ उडत नाही आणि वास येत नाही.

वास हा आमच्या घरात फार मोठा विषय. आधी मी तैलरंगात काम करायची. मग भोंगा झाली आणि सगळ्या ट्यूबा पिशवीत बांधून माळ्यावर गेल्या. भोंगा म्हणजे माझी मुलगी. जन्मली तेव्हा ती रडलीच नाही. वेळेच्या खूप आधी आलेली, मुठीएवढी. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं आणि मला पेटीच्या बाहेर. पेटीला हात घालायला दोन गोल झडपा होत्या, पण त्या नर्ससाठी. मी काचेवर बोट टेकवलं तरी नर्स म्हणायची, "ताई, डाग पडतात." खूप दिवसांनी ती पहिल्यांदा रडली, तेव्हा माझ्या सासूबाई वॉर्डाच्या दाराशी उभ्या होत्या. "अगं बाई, हा तर गिरणीचा भोंगा!" असं म्हणून त्या तिथेच खुर्चीत बसून रडल्या. तेव्हापासून तिचं कागदोपत्री नाव कुणी घेत नाही.

घरी आणताना डॉक्टर म्हणाले होते, गर्दी नको, धूर नको, सर्दी झालेलं माणूस नको. आम्ही घराच्या आतली ही खोली तिची केली. म्हणजे माझी आणि तिची. दार बंद, खिडकी बंद, येणाऱ्याने आधी हात धुवायचे. पुढे कधीतरी डॉक्टर असंही म्हणाले की आता फुप्फुसं छान आहेत, न्या की बाहेर. ते मी ऐकून घेतलं. घरी येऊन कुणाला सांगितलं नाही.

ती झोपली की मी कागद भिंतीला चिकटवून घासत बसायची. पातळ पण चिवट कागद, चारही बाजूंनी टेप लावायची, कांडी आडवी धरायची आणि एकसारखा दाब द्यायचा. आपण रोज बघतो ती भिंत सपाट वाटते. कागदावर तसं काही राहत नाही. बुजवलेलं खिळ्याचं भोक, रंगाचा ओघळ, पोपडा, सगळं वर येतं. सुरुवातीला मी हे फक्त हात चालू राहावा म्हणून करत होते. मग माझ्या आर्ट स्कूलच्या मॅडमना कुणीतरी सांगितलं, आणि मॅडमचा फोन आला.

मॅडम एक प्रदर्शन मांडत होत्या, 'पुन्हा पालवी' नावाचं. ज्यांच्यावर वाईट दिवस आले आणि जे त्यातून बाहेर पडले, अशा चित्रकारांचं. नाव ऐकून सासूबाई म्हणाल्या, "पालवी? मग तुझ्या या काळ्या कागदांच्या मधोमध एक कुंडी ठेव की!"

मॅडम घरी आल्या. मी त्यांना हात धुवायला लावले, मास्क दिला, बाहेरचा दुपट्टा बाहेर ठेवायला सांगितला. आतून सासूबाई ओरडल्या, "वजनही करून घे त्यांचं!" मॅडम हसल्या. मग खोलीत उभं राहून त्यांनी भिंतींवर टांगलेल्या भिंती बघितल्या.

"भयंकर आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे चांगलं भयंकर. पण हे सगळं बंद आहे गं. माणसाला आत नेऊन सोडलंस. बाहेर कुठून यायचं त्यानं?"

"दार राहिलंय अजून."

"मग दार उघडं दाखव. एवढंच मागणं आहे माझं. दाराशिवाय ही खोली मला लावता येणार नाही, आणि रिकामी भिंत मी ठेवू शकत नाही, कळतंय ना? शेवटचा टेम्पो निघेल तेव्हा दार त्यात हवं."

मी हो म्हणाले. किती सोपं वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी मी दार अर्धं उघडं ठेवून त्यावर कागद ताणला आणि घासायला लागले. लाकडावर छान उमटलं. कांडी लाकडाची कड ओलांडून मोकळ्या जागेवर गेली आणि कागद टर्रकन फाटला. दुसरा लावला, हात हलका ठेवला, तर कागद नुसता आत गेला आणि काहीच उमटलं नाही. घासायला मागे काहीतरी टणक लागतं. उघड्या दाराचा ठसा निघतच नाही. एवढं शिकूनसवरून हे मला आधी सुचू नये!

मॅडमना फोन करून सांगायचं धाडस झालं नाही. टेम्पो उद्या सकाळी येणार होता. बंद तर बंद, पण दार द्यायचं, असं मी ठरवलं.

दाराला आतून लोखंडी बोल्ट होता आणि मूठ होती. त्यांच्यावर कागद टिकला नसता, म्हणून भोंगाच्या बाबानं कामावर जायच्या आधी दोन्ही काढून दिले. तो लिफ्ट दुरुस्त करतो. मध्येच बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढणं हे त्याचं रोजचं काम. स्क्रू खिशात टाकत तो म्हणाला, "आत अडकलीस तर एक लक्षात ठेव, उड्या मारायच्या नाहीत आणि शांतपणे श्वास घ्यायचा. लोकांना आम्ही हेच सांगतो."

"आणि लोक ऐकतात?"

"कुणीही ऐकत नाही."

बोल्ट गेल्यावर दार जागेवर राहीना. मी जरा दाब दिला की ते बाहेरच्या बाजूला सरकायचं आणि रेघ पुसट व्हायची. बाहेरून कडी होती, ती लावली तरच काम होणार होतं. आणि भोंगा जागी होती. आजवर ती झोपलेली असतानाच मी काम केलं होतं, ती माझ्या हाताच्या अंतरावर असायची.

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाई जन्मभर टेलिफोनच्या केंद्रात ऑपरेटर होत्या. दोन्हीकडचं बोलणं ऐकू यायचं, पण मध्ये पडायचं नाही, ही त्यांची नोकरी. घरातही त्यांनी तेच धोरण ठेवलं होतं. टोमणे मारायच्या, पण मध्ये पडायच्या नाहीत.

"आई, आत्ताच प्यायली आहे, तिला आडवं करू नका. मान जरा उंच. खोकली तर लगेच..."

"अगं, मी एक वाढवलाय. तू त्याच्याशी लग्न केलंस, म्हणजे फार बिघडला नसावा."

त्यांनी मुलीला घेतलं, कडी लावली. मी वरून सुरुवात केली. जुनं लाकूड, त्याच्या रेषा पाण्यासारख्या वाहत खाली येत होत्या. काम छान चाललं होतं. आणि मग बाहेर तिनं आपला भोंगा सुरू केला.

माझा हात थांबला. भुकेचं रडणं नव्हतं हे. झोपेचंही नव्हतं. मी थांबून ऐकत राहिले, आता थांबेल, आता थांबेल. ते चढतच गेलं.

"आई, दार उघडा."

"झालं?"

"नाही. ती रडतेय."

"हो का? मला वाटलं गाणं म्हणतेय."

"आई, तिचे ओठ बघा. निळे नाहीत ना?"

"लालभडक आहेत. आणि दात येतोय वाटतं एक."

"उघडा ना! मी घेते तिला, दोन मिनिटांत शांत होईल."

बाहेर त्या येरझाऱ्या घालत असाव्यात, कारण रडणं जवळ यायचं आणि लांब जायचं. एकदा ते जवळ आलं तेव्हा सासूबाईंचा आवाज अगदी दाराला लागून आला. "नाही उघडत."

मी दोन्ही हात दारावर आपटले. म्हणजे माझ्याच कागदावर. हात मेणानं काळे झाले होते, त्यामुळे पंज्यांचे दोन डाग उमटले आणि तिथे कागदाला सुरकुती पडली. हा शेवटचा कागद होता. मला त्याचंही काही वाटलं नाही. मी आपटत राहिले.

"आपट," त्या म्हणाल्या. "पण ऐक. ही पेटीत होती तेव्हा तुला काचेच्या बाहेर उभं केलं होतं त्यांनी. मी बघितलंय ते, मला नाही बघवलं. पण आता ती बाहेर आलीय आणि तू आत जाऊन बसलीस. तिलाही घेऊन बसलीस. इतके दिवस हे दार कोण लावत होतं गं? मी तर नव्हते लावत."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं..."

"डॉक्टरांनी मलाही सांगितलं. परवा मी फोन केला होता."

मी आपटायचं थांबवलं.

"आणि माझ्याकडे देतेस तिला, पण तुझा एक हात तिच्या पाठीखाली असतोच. कधी काढलास? आज काढलास, कारण मध्ये दार आहे. मी नाही परत देणार आता. तुझं काम होईपर्यंत नाही."

त्यांचा मला भयंकर राग आला. मी जमिनीवर बसले. खोलीत दुसरं काही बघायलाच नव्हतं. तयार झालेले कागद मी पाळण्याशेजारी पसरून ठेवले होते, गुंडाळायचे बाकी होते. सगळ्यात वर पाळण्याजवळच्या भिंतीचा होता. त्यावर सगळीकडे खरखर उमटली होती, आणि मध्ये, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, एक गुळगुळीत पांढरट पट्टा. तो मला घासण्यातली चूक वाटला होता. आता मी मान वर करून खऱ्या भिंतीकडे बघितलं. तिथला रंग घासून चकचकीत झाला होता. रोज तिथे पाठ टेकून मी तिचा श्वास ऐकत बसायची. भिंत झिजेपर्यंत बसले होते मी. मला वाटत होतं मी खोलीचं चित्र काढतेय.

रडणं बारीक झालं. मग उचक्या लागल्या. मग काहीच ऐकू येईना.

तिचं रडणं मला सहन होतं. तिचं गप्प राहणं होत नाही. ती जन्मली तेव्हा खोलीत अशीच शांतता होती, सगळे घाईत होते आणि कुणीच बोलत नव्हतं. मी उठले आणि दाराला कान लावला. मेण गालाला लागलं. पलीकडे काही नाही.

थप.

अगदी खाली, माझ्या गुडघ्यापाशी. मग पुन्हा, थप, थप. आणि घशातून येणारं ते तिचं घोगरं हसू, जे फक्त मला ठाऊक आहे असं मी समजत होते.

"मार अजून," सासूबाई म्हणत होत्या. "आईनं कसं आपटलं? तसं."

त्या दोघी बाहेर जमिनीवर बसल्या होत्या, दाराला टेकून. मीही इकडे खाली बसले. कांडी उचलली आणि दाराचा खालचा भाग घासायला लागले. तिनं दारावर थापटी मारली की माझ्या हाताखाली कागद थरथरायचा आणि रेघ उडी मारायची. लाकडाच्या सरळ रेषा चालल्यात आणि मध्येच एक ठिगळ, एक धक्का. आर्ट स्कूलमध्ये असताना असा कागद मी फाडून टाकला असता. मी घासत राहिले. तिनं मारलं की मी थांबायची, ती हसली की पुढे. वरचे माझ्या पंज्यांचे डागही तसेच राहू दिले. मॅडमना उघडं दार मिळणार नव्हतं. त्यांना काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं, आणि त्यांनी लावलं नाही तर काय, तेही. पण मला हे दार असंच हवं होतं.

शेवटी उंबरठ्याच्या कडेपर्यंत पोचले. मागे सरकून बघितलं. झालं होतं. कुठे काही राहिलं नव्हतं.

"झालं का गं?" बाहेरून आवाज आला. कडीवर हात पडल्याचंही ऐकू आलं.

मी कागदाकडे बघितलं. हात दुखत होते, तिला घ्यावंसं वाटत होतं.

"थोडं राहिलंय," मी म्हणाले.

कडीवरचा हात निघाला. "बरं. मग आम्ही खाली जाऊन येतो तोवर. कोपऱ्यापर्यंतच. चल गं भोंगाबाई, तुला रस्ता दाखवते. रस्ता म्हणजे काय माहितीये का? नाही ना? तुझ्या आईलाही आठवत नसेल."

त्यांच्या चपलांचा आवाज झाला. बाहेरच्या दाराची कडी निघाली. आता घरात कुणी राहणार नव्हतं, आणि या दाराला आतून तर मूठही नव्हती. थांबा, असं म्हणायला मी दाराशी गेले.

"टोपडं कुठे ठेवलंस हिचं?" त्या ओरडून विचारत होत्या. "वाऱ्याला डोकं उघडं नको ना?"

मी कागदाला धक्का लागू नये म्हणून हात मागे घेतले.

"टोपडं नको, आई," मी ओरडले. "लागू दे वारा थोडा."