चूळ

झाकणाच्या आत वीस मिलीची रेघ होती, किंचित उठावाची, बोटाला लागणारी... तिथपर्यंत ती ते निळं औषध ओतत होती आणि बीटाच्या रसाचा रिकामा पेला बेसिनच्या कडेवर लाल होऊन वाळत होता. त्या दिवशीही. शेवटचा म्हणून त्या दिवसावर कुठे काही लिहिलेलं नव्हतं.

"आण तुझं निळं पाणी," बाबा म्हणाले. "आत लाल, वर निळं. रंगाचा डबा केलायस माझा, हेडमास्तरीणबाई." चूळ भरून त्यांनी तोंड वाकडं केलं. मग दोघं फिरायला निघाली.

बाबा जन्मभर मोजणीदार. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या, पोटऱ्या पिळवटू लागल्या, तेव्हाही दुखतं असं त्यांनी कधी म्हटलं नाही, आकडा सांगत. एकशे चाळीस पावलं, की थांबायचं. थांबायचं तेही कुलपांच्या दुकानासमोर, जणू कुलूपच घ्यायचंय. तीही कुलपं बघायची. "ते पितळी बरं आहे," म्हणायची.

रस तिनेच शोधून काढला होता. भाज्यांमधल्या नायट्रेटने रक्तवाहिन्या सैलावतात, काहींना चालणं थोडं सोपं जातं — डॉक्टर म्हणाले, गोळ्या सोडू नका, रस हवा तर प्या. पंधरा दिवसांत एकशे सत्तर पावलं झाली. बाबांनी कुलपांचं दुकान मागे टाकलं आणि वळून दुकानाला हात केला. त्याच आठवड्यात तिच्या ऑफिसातली एक बाई रस्त्यात भेटली, बाबा तिच्याकडे बघून हसले, आणि ती बाई दचकून म्हणाली, "अगं, यांच्या हिरड्यांतून रक्त येतंय का?" संध्याकाळी घरी येताना तिने चुळीच्या औषधाची बाटली आणली, बाबांना म्हणाली, "दातांच्या डॉक्टरांनी सांगितलंय." कुणीही सांगितलं नव्हतं.

पुन्हा एकशे चाळीस.

मग एका दुपारी त्याच विषयावरचं काही चाळताना मी खालचा परिच्छेद वाचला: जिभेवरचे जंतू त्या नायट्रेटचं पुढचं काम करतात, जंतुनाशक चुळीने ते मरतात. पुन्हा वाचला. चहा प्यायले. चूळ बंद करायची तर ती का सुरू केली ते सांगावं लागलं असतं... आज नको, बाटली संपली की आपोआप... संपली, तेव्हा मी दुसरी आणली.

त्या शेवटच्या दिवशी एकशे अडतीस. "तुझा रस माझ्याहून आळशी निघाला," बाबा कुलपांकडे बघत म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. हृदय, डॉक्टर म्हणाले. पायांचा विषय कुणी काढला नाही.

याला तीन आठवडे झाले. ती ऑफिसला जाते, येते, जेवते. चव कळते, पण दुसऱ्याच कुणाला कळत असावी तशी. रडू येत नाही, आणि येत नाही याचंही काही वाटत नाही. आई टेबलाशी बसून फोनवर मावशीला सांगत होती, "हिने मात्र शेवटपर्यंत केलं गं. एक दिवस रस चुकवला नाही. तेवढंच समाधान."

"आई, फोन ठेव."

आईने ठेवला. ती बोलू लागली, आणि स्वतःचा आवाज तिला सपाट ऐकू आला, कुणाचा तरी रिपोर्ट वाचल्यासारखा. मग तो मध्येच फाटला, आणि बरं वाटलं नाही, वाईटही नाही — फक्त तो आपलाच आहे, हे कळलं.

"चुळीचं औषध कुणी सांगितलं नव्हतं. त्याने रसाचा गुण जात होता. महिनाभर मला माहीत होतं, आणि मी रोज ओतून देत होते. चारचौघांत बाबा हसले की मला... मला त्यांची लाज वाटायची, आई."