आभाळातला धोंडा आणि दारातलं मडकं

चूक एवढीच झाली, की साखरपुड्याच्या पंगतीत सोनाली हरखून बोलून गेली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. "आपल्या लग्नादिवशी एक लघुग्रह पृथ्वीजवळनं जानार हाय," तिनं होणाऱ्या नवऱ्याला, बिरुदेवला सांगितलं, "दुर्बिणीतनं बघू की." तो हसला. पण बुंदी वाढणाऱ्या त्याच्या आईनं, तानाबाईनं ते ऐकलं आणि तिथंच माशी शिंकली.

आठवड्याच्या आत तानाबाई दारात हजर. हातात कोरं मडकं.

"पाव्हणं," ती सोनालीच्या वडलांना, धुळाप्पांना म्हणाली, "पोरीच्या लग्नावर आभाळातनं धोंडा येतोय. आदी मडक्यासंगं लगीन लावा, मडकं फोडा. अरिष्ट त्याच्यावर जाईल. मग माझा ल्योक हाय की."

सोनालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो धोंडा युगानुयुगं आपल्या वाटेनं सूर्याला फेऱ्या घालतोय, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि खापर फोडायचं कुणावर, तर नवरीवर! तिनं खडूनं फरशीवर दोन वाटा काढल्या.

"ही आपली, ही त्याची. जवळनं म्हंजे चंद्राच्याबी पलीकडनं जानार त्यो. एका चौकातनं दोन एसट्या जात्यात, म्हणून रोज धडकत्यात व्हय?"

तानाबाई त्या रेघा ओलांडून निघून गेली. मडकं दारातच राहिलं आणि लग्न थांबलं.

बिरुदेव एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होता. सोनालीनं त्याला फोन लावला.

"तुमाला पटतंय ह्ये?"

"न्हाय की. पन मडकंच तर हाय. आईचं मन राखू."

हे तिला सगळ्यात जास्त लागलं. आईचा निदान विश्वास तरी होता. ह्याला पटतही नव्हतं, आणि तरी हा होणाऱ्या बायकोला मडक्याच्या गळ्यात बांधायला निघाला होता!

ठरल्या दिवशी लघुग्रह आला आणि आपल्या वाटेनं गेला. सोलापुरात एका घराचा पत्रासुद्धा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी बिरुदेव पेढे घेऊन आला. "गेला की त्यो! आता तारीख धरू. आईबी तयार हाय."

धुळाप्पांचा चेहरा खुलला. ते लेकीकडं बघू लागले.

सोनालीनं दारातलं मडकं उचललं आणि बिरुदेवच्या हातात दिलं.

"ह्ये आईला द्या. आनि त्यो धोंडा सूर्याला फेरा घालून परत येनार हाय. तुमी येऊ नका."