लिलावातलं मशीन

बॉबिन केवढीशी, बोटाच्या पेराएवढी, पण पर्समध्ये रुमालाखाली ती हाताला लागली आणि कुंदा भर उपासनेत, सगळे उभे राहून गात असताना, खुदकन हसली. अगं बाई, ही राहिलीच की! मशीन तिकडे पुढं, वेदीच्या पायरीखाली, भोपळे, उसाची मोळी आणि पाय बांधलेल्या कोंबड्यांच्या मधोमध चकचकीत बसलेलं, आणि ही इकडे माझ्याकडे. काल संध्याकाळी तेल घालून पुसताना काढून ठेवली असणार. तिच्यावर अजून निळा दोरा गुंडाळलेला होता, सासूबाईंच्या हातचा... असू दे, लिलावाच्या वेळी नेऊन देऊ. तेवढंच पुन्हा एकदा सगळ्यांदेखत पुढं जायला मिळेल!

कापणीचा सण. वर्षभर देवानं दिलं त्यातलं थोडं देवाला परत. पालेगावकडची शेतीवाली माणसं भात आणायची, वाल आणायची. कारखान्यातल्या माणसांच्या घरी काय पिकणार, धूर? ती बाजारातून नारळ आणायची. उपासना झाली की चर्चच्या अंगणात सगळ्याचा लिलाव, आणि पैसे चर्चच्या पेटीत. पण शिलाईचं मशीन? अंबरनाथच्या या चर्चमध्ये आजवर कुणी दिलं नव्हतं. सकाळी रिक्षातून ते उतरवलं तेव्हा पायरीवरच्या बायकांची तोंडं बघण्यासारखी झाली होती, आणि कुंदाच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, खोटं कशाला बोला!

खोटं कशाला बोला... तिनं पर्स बंद केली.

तिचे यजमान श्यामकांत रिक्षात म्हणाले होते, "अगं, धडधाकट मशीन आहे. पुन्हा विचार कर." आणि ती पटकन म्हणाली होती, "देवाला द्यायचं ते धडधाकटच द्यायचं." काय वाक्य होतं! कुठून सुचलं कुणास ठाऊक. ते श्यामकांतांनी पाळकसाहेबांना सांगितलं आणि पाळकसाहेबांनी आणखी चारजणांना. तिला इतकं हलकं वाटत होतं, इतकं मोकळं, की आताच्या गाण्यात तिचा आवाज सगळ्या बायकांच्या वर जात होता आणि पुढच्या बाकावरच्या भागीरथीबाई दोनदा वळून बघत होत्या. बघू देत.

दोन वर्षं ते मशीन घरात कोपऱ्यात होतं, झालरीच्या कव्हराखाली, वर फुलदाणी. कुंदाला शिवणाचा नाद नव्हताच. पण फडकं मारताना फुलदाणी उचलली की कानात तो आवाज... "मशिन वृंदाला दे बरं का. तुझं भागतंय. तिचं न्हाई भागत." भरदुपारची वेळ. श्यामकांत ड्युटीवर, धाकटा दीर चिंतामणी आणि त्याची बायको वृंदा औषधं आणायला गेलेली. सासूबाईंच्या उशाशी एकटी कुंदा. ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि सासूबाई त्यानंतर चार दिवसांत गेल्या. माती देऊन आल्याच्या तिसऱ्या दिवशी, भांडी पुसता पुसता वृंदानं सहज विचारलं होतं, "ताई, आई शेवटी काही बोलल्या का हो?" आणि आपण म्हणालो, "नाही गं. पाणी मागितलं, तेवढंच." ठरवलं होतं का? मुळीच नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मशीन तेव्हा माझ्या घरात होतं, सहा दिवस पाहुण्यांचं करून मी दमले होते, आणि मला वाटलं, सगळं हिलाच का? बस्स, एवढंच वाटलं होतं.

एवढंसं खोटं, पण ते काही घरातून जाईना. चिंतामणीची कंपनी बंद पडली, दोघं बदलापूरला बेलवलीत लहानशा खोलीत राहायला गेली, वृंदा उल्हासनगरच्या एका शेटकडून आणलेल्या पँटींना हातानं बटणं लावू लागली... हातानं! आणि गेल्या महिन्यात एकदम सुचलं. देवालाच देऊन टाकू! म्हणजे माझंही नाही, तिचंही नाही, प्रश्नच मिटला. त्या आनंदात तिनं त्या दिवशी शिरा केला होता.

"...आणि समजा, अर्पण घेऊन आलात," पाळकसाहेब बोलत होते. उपदेश कधी सुरू झाला होता? "आलात, आणि आठवलं की अमक्याचं काही आपल्याकडे अडकलंय. तर ते अर्पण तिथंच राहू द्या. आधी त्या माणसाकडे जा. देव कुठं पळून जात नाही, तो थांबतो." कुंदानं जोरात मान हलवली. अगदी बरोबर! भागीरथीबाईंनी नाताळाला नेलेला चकलीचा सोऱ्या अजून परत केलेला नाही. ऐकताय ना बाई?

अंगणात आल्या आल्या वृंदानं तिचा हात धरला. "सलाम, ताई! अहो, किती शोधलं तुम्हाला उपासनेआधी! गॅसचा नंबर लागला आमचा! पाच वर्षांनी! बुधवारी पैसे भरायचे." पदराच्या टोकाची गाठ तिनं कुंदाच्या हाताला लावून दाखवली. "साडेपाचशे. जवळच ठेवलेत. घरी राहिले की त्यांचं पीठमीठ होतं." रॉकेलच्या स्टोव्हनं काळवंडलेली तिची नखं, आणि तोंड कसं फुललेलं. कुंदाला तिचा इतका आनंद झाला की तिनं तिला तिथंच जवळ घेतलं. आजचा दिवसच तसा होता!

लिलाव भगवान मास्तरांचा. शाळेत गणित शिकवतात, पण लिलावाला उभे राहिले की हसून हसून पोट दुखतं. वृंदानं आपल्या कोंबडीचं एकच अंडं आणलं होतं. मास्तरांनी ते दोन बोटांत धरलं. "बेलवलीचं अंडं! ऊन-ऊन आहे, हात लावून बघा!" पाच रुपयांना गेलं. घेणाऱ्यानं पैसे दिले आणि अंडं पुन्हा लिलावात टाकलं, अशी इथली रीतच. मग दहाला, मग पंधराला. फिरून फिरून त्या अंड्याचे सत्तर रुपये झाले आणि शेवटी ते पाळकीणबाईंच्या ओच्यात पोचलं. "ताई, आमच्या कोंबडीनं नाव काढलं!" वृंदा टाळ्या पिटत होती. कुंदाही पिटत होती. हात लाल झाले तरी थांबवेना.

आणि मग मशीन! दोघांनी उचलून टेबलावर ठेवलं. मास्तर म्हणाले, "श्यामकांत आणि कुंदाबाई यांच्याकडून. काय म्हणाल्या त्या, ठाऊक आहे ना? देवाला द्यायचं ते धडधाकटच! बोला, शंभर!" सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. आता उठून बॉबिन द्यावी... हरिचंद्रनं बोली लावली, उल्हासनगरला टेलरिंगचं दुकान असलेला हरिचंद्र. छान, योग्य घरी पडणार. दीडशे. कुणीतरी दोनशे. हरिचंद्र, अडीचशे.

"तीनशे!"

आवाज अगदी कानाशी आला. वृंदा उभी राहिली होती. एक हात वर, दुसऱ्या हातात पदराची गाठ.

"अगं..." कुंदाच्या तोंडून कसंबसं निघालं, "वृंदा, तुझा गॅस—"

"थांबेल हो गॅस. पाच वर्षं थांबलाच की!" ती खाली वाकून कुजबुजली, आणि तिचे डोळे भरलेले होते, हसत होते. "आईंचं आहे ना, ताई. बाहेर कशाला जाऊ द्यायचं? तुम्ही देवाला दिलंत, मी देवाकडून घेते."

साडेतीनशे, हरिचंद्र म्हणाला. चारशे, वृंदा म्हणाली.

कुंदाला आधी काही कळेचना. अंगण, माणसं, कोंबड्यांचा कलकलाट सगळं तसंच, फक्त आतली सकाळपासूनची उकळी एकदम बंद झाली, आणि सासूबाई नेहमी म्हणायच्या ती म्हण तिला त्यांच्याच आवाजात आठवली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. माझं काय गेलं? काहीच नाही. जिचं होतं तीच आता ते विकत घेतेय, चुलीचे पैसे मोडून, वर माझे उपकार मानून, आणि टाळ्या मात्र माझ्या.

चारशे पंचवीस. साडेचारशे.

मग आपणच बोली लावावी! विचार असा झपकन आला की तिचा हात अर्धा वर गेलासुद्धा. सहाशे म्हणावं, सातशे, श्यामकांतांच्या खिशात नसतील तर पगाराला देऊ. घ्यावं आणि सगळ्यांसमोर वृंदाच्या हातात ठेवावं. घे गं, तुलाच! केवढ्या टाळ्या पडतील. जाऊ असावी तर अशी, म्हणतील. वृंदा तर पायाच पडेल... आणि सासूबाईंचं ते वाक्य? ते पुन्हा माझ्याच घशात राहील. देणारी पुन्हा मीच. हात खाली आला. चांगली सुटत होतीस, कुंदे! बरी सापडलीस.

"पाचशे!" वृंदा. आवाज जरा कापला होता. हरिचंद्रनं हसून हात जोडले, घ्या ताई, तुम्हीच घ्या.

"पाचशे एक वार!" मास्तर म्हणाले.

कुंदानं पर्स उघडली.

"पाचशे दोन वार!"

ती उठली. कुणाच्या तरी पायावर तिचा पाय पडला. बायका वाट देत होत्या, भागीरथीबाई तोंड उघडं टाकून बघत होत्या, आणि वेदीपासून परत फिरायला सांगणारं ते सकाळचं बोलणं... मान आपण किती जोरात हलवली होती! टेबलाशी येईपर्यंत छाती धडधडून कानात वाजायला लागली. भीतीच होती ती. पण गंमत म्हणजे पायांना काही ती कळलेली नव्हती, ते चाललेच होते.

"अहो कुंदाबाई, आपण दिलेल्यावर आपणच बोली?" मास्तर म्हणाले आणि सगळं अंगण हसलं. वृंदा तर सगळ्यांत जास्त. पदराची गाठ तिनं सोडली होती, नोटा हातात होत्या.

"मास्तर, तीन म्हणू नका."

कुंदानं बॉबिन टेबलावर ठेवली. निळा दोरा थोडा सुटला होता. हसणं हळूहळू थांबलं. आता श्यामकांत उभे राहिले असतील, पाळकसाहेब बघत असतील; तिनं कुणाकडेच पाहिलं नाही. वृंदा हसत तिच्याकडे येत होती, अजून काही ठाऊक नसलेली, आणि कुंदाला वाटलं, या तोंडावरचं हे हसू मी आता शेवटचं बघतेय कदाचित. तरी बोलायची घाई काही कमी होईना, दोन वर्षांत पहिल्यांदाच ते वाक्य आपणहून जिभेवर आलं होतं.

"वृंदा," ती म्हणाली, "तू मला भांडी पुसताना एक विचारलं होतंस..."