लोकरीचं लुगडं

हिरवं ते लाल. ऑफिसात पहिल्या दिवशी सरूला शिकवलं ते एवढंच. हिरवं पान डोळ्यांना न दिसणारा एक उजेड आभाळाकडं परत फेकतं, वर फिरणारा उपग्रह तो टिपतो आणि चित्रात तिथं लाल उमटतं. उघडी माती करडी दिसते. त्या चित्रावर पारदर्शक कागद पसरायचा, हद्दी आखायच्या नि रंग भरायचे. शेती पिवळी, जंगल हिरवं, पडीक राखाडी.

सरूचा या कामावर फार जीव. मुकुंदवाडीच्या खोलीवरून ती सायकलनं शहागंजमागच्या त्या ऑफिसात यायची. विद्यापीठाच्या नामांतराचं घोंगडं अजून भिजतच पडलेलं होतं. त्या नावासाठी तिचा बाप कडुबा जेलात जाऊन आला होता, आणि त्याच विद्यापीठातून भूगोल शिकून ती इथं लागली होती.

त्या मे महिन्यात तिच्या टेबलावर चितेगावकडचा तुकडा आला. पैठण रस्त्यानं कारखाने सरकत चालले होते, त्यांना पडीक जमीन हवी होती. ज्यावर राखाडी पडेल ते आधी जाणार, हे शिपायालाही ठाऊक होतं.

सरूनं भिंग लावलं. ओढा सापडला. ओढ्याच्या वरच्या अंगाला तिच्या गावाचं गायरान. करडं, पांढुरकं, जळक्या भाकरीसारखं.

"भरा राखाडी," नानासाहेब म्हणाले. ते तिचे साहेब.

"सर, हे कसलेलं आहे. अर्ध्यात आमच्या वस्तीची बाजरी असते, अर्ध्यात मेंढरं चरतात. एकदा जाऊन बघावं."

"जाऊ की. जमिनीवर जाऊन खात्री करणं आपल्या नियमातच आहे."

जीप गायरानात थांबली तेव्हा मेंढरं बसलेली होती. ही इथली जुनी रीत. पीक निघालं की मल्हारराव धनगर आपला कळप सरूच्या आईच्या, पारूबाईच्या शेतात आणायचे, वाघुरीचं जाळं ठोकून मेंढरं बसवायचे. लेंडीखत शेताला, बाजरीचं सरमाड मेंढरांना. वस्तीनं गायरान कसायला घेतलं तेव्हा सगळं गाव तिच्यावर उठलं होतं. तेव्हा मल्हाररावांनी कळप आणून याच मातीत बसवला होता. आपण कुणाच्या बाजूचे, ते एवढ्यानंच सांगून झालं होतं. पारूबाईनं त्यावर ओवी रचली होती, आजही ती खुरपं घासता घासता तीच म्हणत होती:

*गायरान माझं बाई, उन्हाळ्यात पडे उघडं*
*मेंढरं नेसविती त्याला लोकरीचं लुगडं*

"या साहेब, पाणी घ्या," पारूबाई उठली.

"नको. थर्मास आणलाय." नानासाहेबांनी नाकाला रुमाल लावला. "इथं काही उगवतं का?"

मल्हारराव काठीवर हनुवटी टेकून हसले. "साहेब, जेवून उठलेल्याचं ताट बघून इचारता व्हय, ह्यानं कदी खाल्लं का म्हून?"

"गवताची काडी नाही. पाहिलंत ना, बाई?" नानासाहेब सरूला म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले.

"झाली खात्री?" पारूबाईनं लेकीला विचारलं. "आन् ह्याला तुमी शास्त्र म्हंता?"

सरूला ते लागलं. शास्त्राची चूक नव्हतीच. चित्र निवडताना ढग नसलेलं निवडायचं, ही ऑफिसची रीत. ढग नसतात उन्हाळ्यात. आणि ही जिरायत जमीन हिरवी होते ती ढगांच्या सावलीतच. ढग हटेपर्यंत बाजरी कापूनही होते.

ऑफिसात परतल्यावर तिनं कपाट उपसलं. ढगाळ म्हणून टाकून दिलेलं सप्टेंबरचं एक चित्र तळाशी होतं. पिंजलेल्या कापसासारखे ढग, आणि त्यांच्यामधल्या एका फटीत ओढा. ओढ्याच्या वर गायरान. कुंकवासारखं लालभडक. आईची बाजरी वरूनही दिसली होती, फक्त कुणी बघितली नव्हती. सरूचे डोळे भरून आले.

तिनं चित्र नेऊन नानासाहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी भिंगातून नीट पाहिलं.

"बाजरी आहे खरी."

"आहे ना, सर?"

"म्हणजे अतिक्रमण आहे. गायरानात पेरायची परवानगी आहे का कुणाला?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "बरं झालं दाखवलंत. पडीक असती तर नुसती घेतली असती. आता आधी तुम्हाला उठवावं लागेल. तुम्हा लोकांना विद्यापीठाचं नावही पाहिजे आणि गावाची जमीनही."

सरूला आता सगळं कळलं. करडं दिसलं तर कुणाचीच नाही म्हणून जाणार, लाल दिसलं तर आमची आहे म्हणून जाणार. मग हा कोट्यवधींचा डोळा आभाळात टांगला कशाला?

"तर मग खरं लिहा," ती म्हणाली. "लिहा की ही कसलेली जमीन आहे, चारलेली आहे, आणि आम्हाला ती काढून घ्यायची आहे. पडीक लिहू नका."

"तसा रंग आपल्या सूचीत नाही."

"मग करा एक! घ्यायची तर पिकात उभं राहून घ्या. ती मेलेली होती असं माझ्या हातानं कशाला वदवता?"

तिनं राखाडी पेन्सिल टेबलावर ठेवली. सगळा नकाशा भरला होता, गायरानाचा तुकडा तेवढा कोरा. नानासाहेबांनी हसत पेन्सिल उचलली आणि तो भरला. जरा हद्दीबाहेरच गेला हात. दुसऱ्या दिवसापासून सरूचं टेबल दुसऱ्याला मिळालं.

मृगात गायरानावर चुना फासलेले खुणेचे दगड आले. कडुबानं एकही उपटला नाही. "उपटला की आपुनच चोर," तो म्हणाला आणि दगडांना खेटून पेरणीची पाभर हाणली. सरू त्याच्यामागं चाड्यावर बी सोडत होती. मेंढरं बांधापलीकडं सरकवून मल्हारराव आभाळाकडं बघत उभे राहिले.

"सरू, तुझ्या सायबाचा डोळा आज हाय का गं वर?"

"हाय, तात्या. पर लई ढग हायेत. त्याला काय दिसायचं नाय."

"मंग हात चालव," पारूबाई ओटीत बी घेऊन आली. "ढग फाटतील तवा डोकं वर काढून उभी पायजे बाजरी."