पडद्यामागे नगमा काय बोलली

मी एक जुना पडदा आहे. दाराखिडकीवर लावतात तो नव्हे. दवाखान्यात तपासणीच्या खाटेपुढे उभा करतात ना, तीन घड्यांचा, लोखंडी पायांचा आणि हिरव्या कापडाचा, तो मी. मित्रांनो, माझी गोष्ट मोठ्यांसाठी आहे. ज्यांच्या घरात बाळंतपण झालं आहे किंवा व्हायचं आहे, त्यांनी ती जरूर ऐकावी.

मला अकोल्याच्या एका वेल्डिंगच्या दुकानात इनायतुल्ला नावाच्या कारागिरानं घडवलं. एरवी तो पलंग, कपाटं, शाळेचे बाक बनवायचा. मी बायकांच्या तपासणीसाठी आहे हे कळल्यावर त्यानं माझ्या नळ्यांची टोकं कानशीनं पुन्हा घासली. "कोन्या बाईचं लुगडं अटकाले नको," असं तो स्वतःशीच पुटपुटला. त्याचे ते शब्द मी आशीर्वादासारखे जपले.

तिथून मी तेल्हारा तालुक्यातल्या एका गावच्या दवाखान्यात आलो. तिथल्या सिस्टर इंदूबाईंनी मला खाटेपुढे लावून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आता बाया मोकळ्या मनानं झोपतीन." सुरुवातीची वर्षं माझं कौतुकच झालं. इंदूबाई माझं कापड धुऊन, उन्हात वाळवत.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. गावाकडून फवारणीचं औषध प्यालेली माणसं दवाखान्यात येऊ लागली. कधी बैलगाडीतून, कधी मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून. माणूस आला की धावपळ उडायची, आणि त्याच्या नाकात नळी घालताना बाकीच्यांनी पाहू नये म्हणून मला ओढत पुरुषांच्या बाजूला न्यायचे. पडदा एकच होता. बायकांची तपासणी मग ओढणी आडवी धरून व्हायची, नाहीतर व्हायचीच नाही. माझ्या जिवाला स्वस्थता कशी ती उरली नाही. या खाटेपाशी उभा असलो की त्या खाटेची हाक यायची.

अशाच एका सकाळी नगमा पहिल्यांदा आली. गावातल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात मशीन दुरुस्त करणाऱ्या अजहरची ती बायको. पहिला मुलगा, उसामा, चार-पाच महिन्यांचा, तिच्या कडेवर होता. दवाखान्याच्या डॉक्टर उज्ज्वला इंगळे यांनी विचारलं, "काय होते?"

नगमानं माझं कापड बोटांत चुरगळलं. "बाळंतपनाचे टाके हायेत ना मॅडम... तिथी..."

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. एका माणसाला आणलं होतं. डॉक्टर उठून धावल्या, मलाही ओढलं गेलं, आणि नगमा उघडी पडली. ओढला जाता जाता मी तिचं उत्तर ऐकलं. इंदूबाईंनी "काय सांगत होती वं?" असं विचारलं, तर ती म्हणाली, "काई नाई. कंबर दुखते." तिकडे माणसं मरत होती. तिथे आपलं हे दुखणं कोणत्या तोंडानं सांगावं, असं तिला वाटलं असेल.

त्यानंतर ती आली ती दोन वर्षांनी. पुन्हा दिवस गेलेले, सातवा महिना. सोबत सासू आयशाबी आणि थोरली जाऊ कहकशाँ. आयशाबी बाहेर बाकावर बसल्या. नगमा जावेसोबत आत आली आणि खाटेवर न चढताच म्हणाली, "मॅडम, मले सिझर पायजे."

"काहून? मूल तर नीट हाय तुहं."

"पायजे म्हनजे पायजे."

डॉक्टरांनी इंदूबाईंना दार लोटायला सांगितलं आणि मला जरा पुढे ओढून घेतलं. मग नगमा बोलली. आधी तुटक, मग धरण फुटल्यासारखी. पहिल्या बाळंतपणात टाके पडले होते, ते पिकले, वाहिले. कुणी पाहिलं नाही. पुढे नवरा जवळ आला की सुरी फिरल्यासारखं व्हायचं. ती दात दाबून पडून राहायची. मग अजहरनं जिनिंगवर रात्रपाळी मागून घेतली. "दोन वर्सं झाले मॅडम, ते घरात जेवाले येतात, निजाले नाई येत. एकदा आले तर हे दिवस रायले. भाभीचं सिझर झालं अकोल्याले. अम्मी म्हनतात, सिझरवाली बाई पयल्यासारखी रायते. माहं घर मोडून राहिलं मॅडम. पोट फाडा, पन मले पयल्यासारखी करा."

डॉक्टरांनी तिला तपासलं. टाक्याच्या जागी एका बाजूला घट्ट गाठीसारखा वण होता. हात लावताच नगमा कळवळली.

"हे पाह्य," डॉक्टर म्हणाल्या, "सिझर केलं तरी हा वण इथंच रायते. तुहं दुखनं याच्यात हाय. टाके घातले म्हनून नाई, ते पिकले अन् कोनी लक्ष देलं नाई, म्हनून हे झालं. नाईतर बऱ्याच जनींचं काई महिन्यांत आपोआप बरं होते. अन् सिझर झालेल्या बायायले हा त्रास होतच नाई, असं तुले कोन सांगतलं?"

"भाभीले कुठं होते?"

कहकशाँ माझ्याजवळच उभी होती. तिनं ओढणी तोंडाला लावली. मग अगदी हळू म्हणाली, "होते. मले बी होते."

नगमा उठून बसली.

"पोरगी अंगावर पीत होती तोवर तर लई कोरडं, लई आग. पोटाचा टाका ओढे ते अलग. आजबी जीव घाबरते माहा. कोनाले सांगू? अम्मी सगळ्याईले सांगत फिरतात, कहकशाँले कायचीच तकलीफ नाई म्हनून."

बाहेर बाकावर आयशाबी सगळं ऐकत होत्या. दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. त्या आत आल्या. आता सुनांवर तोंड सोडतील असं मला वाटलं. पण त्या माझ्या दांडीला धरून उभ्या राहिल्या. "सहा लेकरं झाले मले," त्या म्हणाल्या. "सगळे घरीच. मले कोन इचारलं होतं? मले वाटे, हे असंच असते. म्हनून तुमालेबी नाई इचारलं." मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "अजहरले पाठवतो मी. तुमी सांगा त्याले. माह्या तोंडातून नाई निघनार."

अजहर दुसऱ्या दिवशी आला. हाताला ग्रीस तसंच. खाटेवर नगमा होती, आणि तो माझ्या दुसऱ्या बाजूला स्टुलावर मान खाली घालून बसला. डॉक्टरांनी त्याला सरळ शब्दांत सांगितलं: वण आहे, दुखतं, त्यावर इलाज आहे, वेळ लागेल, आणि घाई केली तर दुखणं वाढेल. मग डॉक्टरांनी विचारलं, "तुमाले काई म्हनाचं हाय?"

तो काही म्हणणार तोच शिपाई धावत आला. "मॅडम, पेशंट आला! पडदा द्या!" डॉक्टर गेल्या. शिपायानं मला धरलं. पण पलीकडून नगमानं माझी दांडी घट्ट पकडली होती.

"एकच मिनिट थांबा भाऊ," ती म्हणाली.

माझी दोन्ही बाजूंनी ओढाताण चालली होती. एकीकडे कुणाचा तरी जीव. दुसरीकडे हे दोघं, दोन वर्षांत पहिल्यांदा एका ठिकाणी बसलेले. मी कुणाचा, हे मला कळेना.

अजहर घाईघाईनं, माझ्याकडेच पाहत बोलला. "मले वाटलं, तुले मी नकोसा झालो. मी जवळ आलो की तू भिंतीकडे तोंड करे. म्हनून गेलो मी रातपाळीले. दुखते म्हनून सांगतलं असतं तर..."

"सांगतलं असतं तर तुमी दुसरी करसान, असं वाटे मले."

"अवं, येडी हायेस का!"

नगमानं दांडी सोडली. इतकंच नव्हे, ओढणी सावरून तिनं स्वतः मला ढकललं आणि म्हणाली, "न्या भाऊ. लवकर न्या." अजहरनं माझी दुसरी बाजू उचलली आणि तो शिपायाबरोबर धावला. तो माणूस त्या दिवशी वाचला की नाही, हे मला कधीच कळलं नाही. त्याला अकोल्याला हलवलं.

नगमाचं सिझर झालं नाही. मुलगी झाली, आपसूकच. या वेळी डॉक्टरांनी बाळाची वाट मोठी करायला घाईनं चीर दिली नाही. थोडं फाटलं तेवढंच नीट शिवलं, आणि इंदूबाई रोज टाके पाहायला घरी गेल्या. पुढे वणावर तेलाची मालिश, अंग सैल सोडण्याचे व्यायाम, आणि धीर. मुलीला लस द्यायला नगमा आली तेव्हा इंदूबाईंनी माझ्याआड घेऊन तिला विचारलं, "कसं हाय आता?"

"पयल्यासारखं नाई," ती म्हणाली. मग ओठ दाबून हसली. "पन बरं हाय. ते घरीच रायतात आता."

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी शांतपणे गंजत पडलो असतो. पण कहकशाँचं दुखणं तसंच राहिलं. तिचा नवरा कधी आला नाही. एकदा ती एकटी आली, माझ्यामागे खाटेच्या कडेवर बसली. डॉक्टर इंगळे यांची बदली झाली होती. नवे डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी विचारलं, "मूल कसं आहे?" ती म्हणाली, "चांगलं हाय." ते पुढच्या पेशंटकडे वळले आणि ती उठून गेली.

आज माझं कापड विरलं आहे, घड्या अडकतात, मला कोपऱ्यात ठेवलं आहे. मला रंग द्या असं मी म्हणत नाही. एवढंच मागतो. तुमच्या घरातली बाई बाळंत झाली, टाके घालून, चिमट्यानं बाळ ओढून, पोट फाडून की आपसूक, ते राहू द्या. बाळ कसं आहे हे सगळेच विचारतात. तुम्ही तिला विचारा, तू कशी आहेस. ती म्हणेल, काही नाही, कंबर दुखते. तेव्हा उठू नका. बसून राहा.