मधल्या पाण्यात दुधाची नाव

"ओढा, अजून ओढा," घरची थोरली सून म्हणाली. "दोरी तुटली की तीच कमरेला बांधा आणि पोहत ओढा नाव."

तिचा नवरा ओढतच राहिला. तिच्यापुढे बोलायची त्याला सवयच राहिली नव्हती. नावेच्या मागच्या टोकाला गुडघे टेकून तो मोटारीची दोरी ओढत होता. मोटार खोकली, जरा फुरफुरली आणि पुन्हा मुकी झाली. चहूकडे तलावाचं गढूळ पाणी, नावेत दुधाने भरलेले कॅन आणि पलीकडच्या काठावर डेअरीचा टेम्पो. टेम्पोवाल्याने परवाच बजावलं होतं, "आणखी एकदा उशीर झाला तर पुढे दूध आणूच नका. तुमच्यापायी बाकीच्यांचं दूध नासवू का मी?" घर त्या दुधावरच चालत होतं. शेत होतं, पण निव्वळ खडकाळ. पेरलेलं बी परत दिलं तरी उपकार मानावेत असलं. आणि ऊन तर सकाळपासूनच अंगावर आलं होतं. थोरली सारखी कॅनला हात लावून दूध तापलंय का बघत होती.

"वहिनी, मोटारीचा दोष नाही," धाकटा दीर म्हणाला. "पेट्रोलच भेसळीचं आहे." तो आज मुद्दाम मोटारीचा आवाज ऐकायला नावेत बसला होता.

"ऐकला का आवाज?"

"ऐकला की."

"मग काय म्हणाली ती? निरोप तरी सांगा."

दिराने कधीकाळी कोणाचा तरी ट्रॅक्टर चालवला होता. तेवढ्या जोरावर गावातल्या झाडून सगळ्या यंत्रांचा तो जाणकार झाला होता. आधी तो म्हणाला प्लग गेलाय, मग म्हणाला पंख्यात शेवाळ अडकतंय, आणि आता पेट्रोल. प्रत्येक वेळी तेवढ्याच ठामपणे. नवा प्लग बसवला, शेवाळ उपसलं. मोटार आपली काठावर गुणी पोरीसारखी चालू व्हायची आणि नेमकी मधल्या पाण्यात मान टाकायची.

मध्यंतरी ती पंप दुरुस्त करणाऱ्याकडेही नेली होती. त्याने ती पाण्याच्या पिंपावर टांगली, स्वतःच्या डब्यातल्या पेट्रोलला जोडली आणि दुपारभर चालवून दाखवली. "मोटार झकास आहे," तो म्हणाला. "दोष तुमच्या पाण्यात असेल."

"मग तलाव घेऊन येते दुरुस्तीला," थोरली म्हणाली होती. "ठेवायला जागा आहे ना?"

आता नवऱ्याने वल्ही हातात घेतली. वारा समोरून होता. चार हात पुढे जावं आणि दोन हात मागे यावं अशी गत. टेम्पोवाल्याने भोंगा वाजवला.

"तुम्हा दोघांच्या ज्ञानापेक्षा म्हैस बरी," थोरली म्हणाली. "ती निदान दूध देते. टाकीत पेट्रोल तरी आहे का, की तेही माझ्या माहेरून आणायचं?"

"सकाळीच भरलंय," नवरा म्हणाला.

"तुम्ही भरलंय म्हणूनच विचारते."

टाकीतून एक रबरी नळी मोटारीकडे जात होती, आणि नळीच्या मध्यावर हाताने दाबायचा फुगा. थोरलीची नजर त्या फुग्यावर गेली. तो चिपाडासारखा चपटा झाला होता.

"हा असा का झालाय?"

"तो तसाच असतो, वहिनी."

"सकाळी तर टरटरीत होता." तिने झाकणाला हात घातला. झाकण निघेना. दोन्ही हातांनी पिळलं तेव्हा सूंऽ करून टाकीने हवा आत ओढली, आणि तिच्या डोळ्यांदेखत फुगा हळूहळू भरून आला. नवऱ्याने वल्ही टाकून दोरी ओढली. मोटार पहिल्याच हिसक्याला सुरू झाली.

थोरली झाकण हातात धरून बसली. त्याच्या डोक्यावर एक लहानसा स्क्रू होता, हवा आत घ्यायचा. महिन्यापूर्वी टेम्पोवाला म्हणाला होता, दुधाला पेट्रोलचा वास येतोय. तिने नाक लावून लावून तो वास ह्याच स्क्रूपाशी पकडला होता. तेव्हापासून रोज सकाळी कॅन ठेवता ठेवता ती पदराच्या टोकाने तो गच्च आवळून टाकायची. हवेला वाट नाही, मग पेट्रोल नळीत उतरणार कसं? आहे तेवढ्या हवेवर मोटार मधल्या पाण्यापर्यंत यायची आणि तिथे तिचा जीव जायचा. तिने स्क्रू ढिला केला. मान वर केली तर नवरा तिच्या हाताकडे बघत होता. त्याने लगेच नजर पाण्याकडे वळवली. रागावण्यापेक्षा ती वळवलेली नजर तिला जास्त लागली.

नाव काठाला लागली तेव्हा टेम्पोवाल्याने इंजिन सुरूच केलं होतं. कुरकुरत त्याने दूध तपासलं, हुंगलं आणि घेतलं. भोवती आणखी पाचसात दूधवाले उभे होते.

"काय झालं होतं तरी?" त्याने विचारलं.

"काही नाही," नवरा म्हणाला. "टाकीचा स्क्रू माझ्याकडून आवळलेला राहत होता."

"मी म्हणतच होतो," दीर सगळ्यांकडे बघत म्हणाला. "दादाला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही."

थोरलीला हे ऐकून घेता आलं असतं. दिवसभर तीही हेच बोलायची. पण दुसऱ्याच्या तोंडी ते तिला सोसेना.

"त्यांचा हात नव्हता," ती म्हणाली. "माझा होता. दुधाला वास लागू नये म्हणून मीच रोज आवळत होते."

आधी एक दूधवाला हसला, आणि मग सगळा काठच हसायला लागला. नवराही हसला, जरा घाबरतच. थोरलीचे कान तापले, पण ती जागची हलली नाही. हसणं ओसरेपर्यंत ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"झालं हसून?" ती म्हणाली. "एवढे जाणते तुम्ही. चोर कोणालाच सापडला नाही. शेवटी मलाच मला धरावं लागलं. चला, रिकामे कॅन उचला."